धुऊनही फोम पॅड कडक होतात, वेल्क्रो सुटतो: पॉलिशिंग पॅडची निगा

प्रश्न थोडक्यात असा: गाडी पॉलिश करायच्या डीए मशीनवर (ड्युअल ॲक्शन, म्हणजे पॅड गोल फिरवत असतानाच थरथरवणारं) ५ इंची फोम पॅड वापरतो. गाडी झाली की सगळे पॅड कपड्यांच्या पावडरच्या गरम पाण्यात रात्रभर भिजत घालतो, सकाळी ब्रशने घासून गच्चीवर उन्हात वाळवतो. तरी तिसऱ्या-चौथ्या गाडीलाच फोमचं तोंड कडक लागायला लागतं, फिनिशिंगनंतर पेंटवर धुरकटपणा राहतो आणि दोन पॅडचा तर वेल्क्रोच निघाला. पॅड हलके मिळालेत की धुण्यात चुकतंय?

पॅड हलके असतीलही, पण या पद्धतीत भारीतला पॅडसुद्धा टिकणार नाही. गरम पाणी आणि रात्रभर भिजवणं वेल्क्रोच्या गोंदाच्या मुळावर येतं, ऊन फोमच्या. आणि तोंड कडक होण्याचं दुखणं धुण्याच्या किती तरी आधी, गाडीवर काम चालू असतानाच सुरू झालेलं असतं. रात्री कितीही भिजवलं तरी ते पूर्ण निघत नाही. म्हणून आधी मशीनवरच्या सफाईचं सांगतो, बादलीकडे नंतर येऊ.

पॉलिशिंगचा फोम पॉलियुरेथेनचा असतो, बारीक पेशींचं जाळं. पॉलिशमध्ये घासणारे कण असतात (बहुतेक वेळा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे), त्यांना सरकतं ठेवणारी तेलं असतात आणि पाणी किंवा सॉल्व्हंट असतं. काम करताना पाणी आणि सॉल्व्हंट उडून जातं. मागे उरतात वापरून झालेले कण, तेलाचा चिकट अंश आणि गाडीवरून खरवडून निघालेल्या क्लिअर कोटची (रंगावरच्या पारदर्शक थराची) पूड. हे सगळं मिळून मळलेल्या कणकेसारखं होतं आणि पेशींच्या तोंडात जाऊन बसतं. पॅडचं तोंड तिरकं धरून उजेडात बघा. चांगल्या फोमवर प्रकाश विखुरतो, बुजलेल्या फोमवर चकाकणारे पट्टे दिसतात, बहुधा मध्यापासून थोड्या अंतरावर गोलाकार. नखाने खरवडलं तर पापुद्रा निघतो. तुमच्या ‘कडक तोंडा’चं मूळ हेच.

असा पॅड नवं पॉलिश आत घेत नाही. ते वरच्यावर राहतं, लवकर सुकतं आणि घर्षण वाढतं. सुकलेल्या गुठळ्या पेंटवर अतिबारीक ओरखडे काढतात, तोच तुमचा धुरकटपणा. कट (पेंट घासून ओरखडे काढण्याची ताकद) मिळत नाही म्हणून माणूस हात दाबतो, दाबला की पॅड आणखी तापतो, तापला की मागचा गोंद मऊ पडतो. वेल्क्रो अचानक सुटल्यासारखा वाटतो, पण त्याची तयारी आधीच्या दोन गाड्यांवर झालेली असते.

मशीनवरच साफ करणं

दीड-दोन फुटांचा एक चौकोन झाला, पॉलिश पुसून घेतलं, की पुढच्या चौकोनाला पॉलिश लावण्याआधी पॅड साफ करायचा. प्रत्येक वेळी. दोन चौकोनांनंतर नाही आणि ‘आता दार झालं की करू’ असंही नाही. लागतात १० सेकंद.

सगळ्यात सोपं साधन म्हणजे जुना, स्वच्छ टर्किश टॉवेल. तळहातावर त्याची जाड घडी घ्या आणि मशीन तीन नंबरवर ठेवून पॅडचं तोंड टॉवेलवर हलकं टेकवा. मग टॉवेल पॅडवर घट्ट दाबा. दाब इतका हवा की पॅडचं गरगर फिरणं थांबेल आणि तो नुसता थरथरत राहील. ५-७ सेकंद पुरेत. टॉवेलवर करडा-पांढरा गोल उमटेल. घडी बदलून पुन्हा एकदा करा, दुसरा गोल फिका यायला हवा. तितकाच गडद आला तर पॅड गच्च भरलाय, तो बाजूला काढून दुसरा लावा. मायक्रोफायबरपेक्षा टर्किश टॉवेल बरा, कारण त्याचे उभे फासे फोमच्या पेशीत शिरून ओला माल ओढून घेतात. टॉवेल जमिनीवर मात्र ठेवू नका. त्यातला एखादा वाळूचा कण पॅडमध्ये शिरला तर बोनेटभर रेघा उठतील.

टॉवेलने ओला माल निघतो, पापुद्रा धरलेला निघत नाही. त्याला नायलॉनच्या मऊ केसांचा ब्रश लागतो. मशीन अगदी हळू, एक-दोन नंबरवर ठेवा आणि ब्रश मध्यापासून कडेकडे ३-४ वेळा न्या. कटिंगच्या (आधी ओरखडे काढायच्या) घट्ट फोमला थोडे ताठ केस चालतात. फिनिशिंगच्या (शेवटी चमक आणायच्या) मऊ फोमवर तोच ब्रश चालवला तर वरच्या पेशी फाटतात, तोंडावर लव उठते आणि पुढे पेंटवर फोमचा चुरा पडायला लागतो. तारेचा ब्रश किंवा भांड्यांची घासणी तर फोमच्या जवळपासही नको.

कंप्रेसर असेल तर काम फारच सुकर होतं. मशीन बंद, एका हाताने पॅड धरलेला, नळीचं तोंड फोमपासून २-३ इंच लांब आणि तिरकं. दाब ६०-७० पीएसआयच्या आत ठेवा आणि हवा मध्यापासून बाहेर मारा. पॅड हाताने अडवला नाही तर हवेच्या झोताने तो भन्नाट फिरतो, बेअरिंगला ते बरं नाही. शिवाय उडणारी पूड नाकात जाते, मास्क लावा. हे काम गाडीपासून लांब करा, नाहीतर पुसलेल्या पॅनेलवर तीच पूड परत बसते. हवेने सुकी पूड छान निघते, तेलकट अंश मात्र आत राहतो. त्यामुळे कंप्रेसर आहे म्हणून टॉवेल सोडायचा नाही.

पॅड किती आणि पॉलिश किती

एका गाडीला एक पॅड हा हिशेबच चुकीचा आहे. स्विफ्टएवढ्या गाडीला कटिंगचे ३-४ आणि फिनिशिंगचे २-३ पॅड हाताशी असावेत. मोठ्या एसयूव्हीला कटिंगचे ५-६. दोन मोठी पॅनेलं झाली की पॅड बदला. उतरवलेला पॅड गार होऊ द्या, तोवर दुसरा चालतो. हे चैनीचं वाटेल, पण चार पॅड आळीपाळीने वापरले तर प्रत्येकाला कमी उष्णता सोसावी लागते आणि चारही जास्त गाड्या काढतात.

पॉलिश ओतण्यात हात सैल असेल तर वरची सगळी सफाई फुकट. कोरड्या पॅडवर पहिल्यांदा पॉलिशचा पातळ हात बोटाने सगळ्या तोंडावर पसरा, म्हणजे कुठला भाग कोरडा घासणार नाही. त्यावर वाटाण्याएवढे ३-४ थेंब. पुढच्या चौकोनांना २-३ थेंब पुरतात. जास्त झालं की पॅड हाताला जड लागतो, कडेने शिंतोडे उडतात, पॉलिश ओलंच्या ओलं फिरत राहतं आणि कट कमी होतो. ओथंबलेला पॅड टॉवेलने वाचत नाही. तो धुवायच्या बादलीत टाका आणि नवा घ्या.

उतरवताना एक काळजी घ्या. काम थांबलं की पॅड लगेच ओढून काढू नका. डीए मशीनमध्ये उष्णता सर्वांत जास्त साठते ती मध्यभागी, प्लेट (मशीनची चकती, जिच्यावर पॅड चिकटतो) आणि फोमच्या मधे. म्हणून तर पुष्कळ पॅडला मधोमध भोक असतं, हवा खेळायला. तोंडाला हात लावून गार वाटलं तरी आतला गोंद तापलेला असतो. त्या क्षणी प्लेटचे हुक वेल्क्रोला जितकं घट्ट धरतात, तितकं मऊ झालेला गोंद फोमला धरत नाही. फोमची कड धरून खेचली की तडजोड गोंदालाच करावी लागते. ५ मिनिटं थांबा, मग प्लेट आणि वेल्क्रोच्या मधे बोटं सरकवत, गोल फिरत सोडवा. ओढायचा तो वेल्क्रो, फोम नव्हे. तुमचे दोन पॅड इथेच गेले असण्याची शक्यता मोठी आहे.

बादलीतलं धुणं

पॅड वाळण्याआधी धुवायचा. गाडी संपायला चार तास असतील तर काढलेल्या पॅडवर एपीसीचं (ऑल पर्पज क्लीनर) एकास दहा पाणी (५० मिलि एपीसी, ५०० मिलि पाणी) ३-४ वेळा फवारा आणि तो झिपच्या पिशवीत बंद करून ठेवा. आतला माल ओला राहतो, संध्याकाळी दोन मिनिटांत निघतो. वर्कबेंचवर उघडा पडलेला पॅड पंख्याच्या वाऱ्याने त्याच चार तासांत दगड होतो.

धुण्याला ५ लिटर कोमट पाणी घ्या. कोमट म्हणजे हात आरामात बुडेल असं, ४० अंशांच्या आतबाहेर. त्यात भांडी घासायचं लिक्विड २०-२५ मिलि. कपड्यांची पावडर नको. तिचे न विरघळलेले दाणे पेशीत अडकतात आणि फेस निघता निघत नाही. ब्लीच फोमला खातं. कपड्यांना मऊपणा आणणारं कंडिशनर फोमवर थर सोडतं आणि पॉलिश त्यावर नुसतं घसरतं. थिनर किंवा पेट्रोल लावायचा मोह होतो, कारण तेलकटपणा क्षणात जातो, पण त्याबरोबर गोंदही जातो आणि फोम फुगतो.

आधी तोंडावर एकास दहा एपीसी फवारा, २-३ मिनिटं थांबा. मग पॅड पाण्यात बुडवून, तोंड खाली ठेवून, तळहाताने दाबा-सोडा, दाबा-सोडा. स्पंज दाबतात तसं. करडं दुधाळ पाणी निघेल. १५-२० वेळा दाबल्यावर तोंडावर मऊ ब्रश फिरवा, पुन्हा दाबा. बादलीच्या तळाशी जाळी ठेवली तर फोम तिच्यावर घासता येतो आणि निघालेले कण जाळीखाली बसतात, परत पॅडला लागत नाहीत. पाणी काळपट झालं की फेका. एका पाण्यात ३-४ पॅड, त्याहून जास्त नाही, आणि कटिंगच्या पाण्यात फिनिशिंगचा पॅड कधीच नाही. आधी फिनिशिंगचे धुवा, मग कटिंगचे. भिजवायचंच असेल तर १५ मिनिटं. त्यापुढे स्वच्छता वाढत नाही, गोंद तेवढा ढिला पडतो.

वाळून घट्ट झालेल्या पॅडला एपीसी एकास पाच करा आणि कोरड्या तोंडावरच फवारा. आधी पाण्यात बुडवलात तर पेशी पाण्याने भरतात आणि एपीसी आत शिरत नाही. १० मिनिटांनी ब्रश, मग बादली. वॅक्स, सीलंट किंवा ऑल-इन-वन पॉलिशच्या पॅडला हा उपचार दोनदा लागतो, कारण त्यातला मेणचट अंश साध्या लिक्विडला दाद देत नाही. सिरॅमिक कोटिंग लावलेला फोम मात्र धुवायच्या भानगडीत पडू नका. ते आत काचेसारखं कडक होतं, टाकूनच द्या.

मग वाहत्या नळाखाली, साबण पूर्ण जाईपर्यंत. खात्री करायची तर पॅड स्वच्छ पाण्याच्या मगमध्ये दाबा. बुडबुडे टिकून राहिले तर साबण शिल्लक आहे. तो राहिला की पुढच्या गाडीवर पॉलिशला फेस येतो, ते सरकतं पण कापत नाही आणि दोष मात्र पॉलिशच्या नावावर लागतो. बोअरच्या जड पाण्याचा त्रास याहून वेगळा. पाणी उडून जातं आणि क्षार फोममध्ये राहतात. दर धुण्याला थोडे थोडे साठून स्वच्छ धुतलेला पॅडही खरखरीत लागतो. तुमच्याकडे बोअर असेल तर कडकपणाला हेही कारण असू शकतं. शेवटचं एक पाणी तरी नगरपालिकेच्या नळाचं किंवा फिल्टरचं घ्या. आरओच्या सांडपाण्याच्या नळीचं पाणी काटकसर म्हणून वापरू नका, त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात.

वॉशिंग मशीनबद्दलही विचारणा होते. मायक्रोफायबरचे पॅड जाळीच्या पिशवीत घालून, थंड पाण्यावर, नाजूक कपड्यांच्या सायकलमध्ये निभावतात. फोमची कड मात्र पीळ बसून फाटते, फोम हातानेच धुवा.

वाळवणं

पिळायचा नाही. दोन तळहातांमध्ये सपाट दाबून पाणी काढा, मग टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. उरलेलं पाणी मशीन काढतं. पॅड प्लेटवर लावा, मशीन रिकाम्या २० लिटरच्या बादलीत तोंड खाली करून धरा आणि तीन-चार नंबरवर २०-३० सेकंद चालवा. मशीनच्या हवेच्या फटी बादलीच्या वर राहतील असं बघा. विजेचं यंत्र आहे, पाणी आत जाता कामा नये. ठिबकणारा पॅड म्हणूनच थेट मशीनवर लावत नाहीत.

आता ठेवायचा कसा? फोम खाली, वेल्क्रो वर, तारेच्या जाळीवर. उलटा ठेवला तर सगळं पाणी झिरपून गोंदाच्या थराशी जमतं आणि तिथून ते सर्वांत शेवटी सुकतं. खाली टॉवेल अंथरू नका, हवा अडते. सावलीत, पंख्याखाली. कडक उन्हात पॉलियुरेथेन पिवळा पडतो आणि हळूहळू ठिसूळ होतो. एका दिवसाच्या उन्हाने काही दिसत नाही, सहा महिन्यांनी कडा चुरगळायला लागतात. हेअर ड्रायर, हीट गन, गाडीचा तापलेला डॅशबोर्ड, सगळं वर्ज्य.

कोरड्या हवेत २४ तासांत इंचभर जाडीचा पॅड सुकतो. जुलैमध्ये मुंबई-कोकणात दोन दिवसही लागतात. तोंड कोरडं लागलं म्हणून फसू नका. मध्यावर कोरडा टिश्यू ठेवून अंगठ्याने जोरात दाबा, टिश्यूला ओल आली तर अजून एक रात्र. ओला पॅड वापरला तर पॉलिश पातळ होतं, कट कमी होतो आणि शिंतोडे दारभर उडतात. ओला पॅड पिशवीत बंद केला तर आठवड्यात कोंदट वास आणि बुरशीचे ठिपके. डागांपेक्षा बुरशीने पोखरलेला फोम जास्त वाईट, तो आतून कुजतो.

ठेवणं आणि ओळखणं

वेल्क्रोच्या कडेला पक्क्या मार्करने लिहा: कुठल्या पॉलिशचा, कटिंग की फिनिशिंग. एका पॅडवर कायम एकच पॉलिश. कितीही धुतलं तरी कंपाउंडचे (कटिंगच्या जाड पॉलिशचे) मोठे कण आत थोडे राहतातच आणि फिनिशिंगच्या वेळी ते बाहेर येतात. रंगावर विसंबू नका. रूपेसचा पिवळा पॅड फिनिशिंगकडे झुकणारा असतो, लेक कंट्रीच्या सपाट पॅडमधला पिवळा चांगला जबर कटिंगचा. दोन्ही ब्रँड एका डब्यात ठेवणाऱ्याकडून ही अदलाबदल कधी ना कधी होते.

सुकलेला पॅड झिपच्या पिशवीत, आडवा, वर वजन न ठेवता. मशीन पॅडवर उभं करून जेवायला जाऊ नका. दोन-अडीच किलोच्या भाराने गरम फोम एका बाजूला बसतो आणि मग पॅड थरथरतो.

सहसा विसरली जाते ती बॅकिंग प्लेट. तिच्या हुकांत वेल्क्रोचे धागे आणि सुकलेलं पॉलिश अडकतं, पकड कमी होते, पॅड कणभर सरकतो आणि त्या घर्षणानेही उष्णता होते. महिन्यातून एकदा ताठ ब्रशने हुक विंचरा. टोकं वितळून गोल झालेली दिसली तर प्लेट बदला, नाहीतर नवे पॅडही ती खराब करेल. पॅड लावताना तो प्लेटच्या बरोबर मध्यावर बसलाय ना, हे एकदा हाताने फिरवून पाहा.

पॅडवर गाडीचा रंग आला तर काय, हा प्रश्न सफाईचा वाटतो पण तसा नाही. क्लिअर कोट असलेल्या गाडीवर पॅड पांढरा-करडाच व्हायला हवा. लाल गाडीवर पॅड लाल झाला तर दोन शक्यता: ते पॅनेल सिंगल स्टेज पेंटचं (वर क्लिअर कोट नसलेलं) आहे, किंवा क्लिअर कोट तिथे संपलाय. कुठली ते कळेपर्यंत मशीन बंद. धुतल्यावर फोमवर राहिलेला नुसता डाग निरुपद्रवी असतो, तो घालवायच्या मागे लागू नका.

पॅड जमिनीवर पडला तर त्या गाडीपुरता तो बाद. धुऊन, हवा मारून, बोटाने तोंड चाचपून झाल्यावर त्याला हेडलाइटच्या कामाला लावा. फिनिशिंगला परत घेऊ नका.

टाकून कधी द्यायचा, यासाठी गाड्यांचा आकडा कामाचा नाही, कारण वापर सारखा नसतो. सुका पॅड अंगठ्याने दाबून सोडा. लगेच वर आला तर जीव आहे, खड्डा रेंगाळला तर पेशी मोडल्यात. मध्यभाग कडेपेक्षा मऊ आणि खोलगट लागत असेल, कड फाटली असेल, पेंटवर फोमचा चुरा पडत असेल किंवा वेल्क्रोखाली बोटाला फुगवटा लागत असेल, तर त्याचं काम संपलं. सुटलेला वेल्क्रो सिंथेटिक गोंदाने चिकटवायचा प्रयत्न करू नका. तो मध्यावर बसत नाही, आणि मशीनच्या वेगात पुन्हा सुटला तर फिरती प्लेट थेट पेंटवर येते.

आता तुमच्या हातातल्या पॅडचं. ज्यांचा वेल्क्रो सुटला ते दोन गेले. कडक झालेल्यांवर एकास पाच एपीसीचा उपचार एकदा करा, शेवटचं पाणी फिल्टरचं, आणि पंख्याखाली दोन दिवस. सुकल्यावर तोंड मऊ आलं तर कटिंगला चालवा. खरखर राहिली तर हेडलाइटच्या डब्यात टाका. फिनिशिंगसाठी मात्र दोन नवे घ्या, आणि त्यांच्यासोबत अर्धा डझन टर्किश टॉवेल.